दुखेनासं झालं

४ मार्च

आलो एकदाचे! सामानवाल्यांनी जिन्यात कपाट अडकवलं, नवऱ्याने त्यांना शहाणपण शिकवायला घेतलं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते आणखी घट्ट अडकवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या बदलीमुळे इथे आलो आणि घर मिळालं ते बिनलिफ्टचं, यावर तो दिवसभर हसत होता. मीही हसले. बाळंतपणाचे टाके ओढले जातात म्हणून बेताने हसले.

घर वरच्या मजल्यावर आहे, खोल्या तीन. स्वयंपाकघराच्या नळाला जोर आहे, न्हाणीघराच्या नळाला नाही. मधल्या खोलीत मोठी खिडकी आहे आणि दुपारभर तिथे ऊन असतं. खाली मालकीणबाई एकट्याच राहतात. त्यांनी आल्याआल्याच बजावलं की मालकीणबाई वगैरे म्हणायचं नाही, काकू म्हणायचं. वर मधल्या खोलीत खिडकीपाशी त्यांची एक बुटकी, बिनहातांची खुर्ची आहे. बाळाला पाजायला अशीच लागते, कोपर अडत नाही, असं म्हणाल्या. आजवर वर कॉलेजची मुलं राहायची, त्यामुळे तिच्यात कित्येक वर्षांत कोणी नीट बसलंच नव्हतं. मी बसून पाहिलं. खरंच कोपर अडत नाही.

लेकीचं नाव अजून ठरत नाही, दोन्ही घरांचा फोनवर वाद चालू आहे. तोवर तिला आम्ही मुंगी म्हणतो. मी कापडाच्या गिरणीत काम करते. डोळे मिटून ताग्यावर बोटं फिरवायची आणि सूत कुठे जाड, कुठे सैल ते सांगायचं. सध्या बाळंतपणाची रजा आहे. रजेत हात रिकामे राहतील म्हणून ही रोजनिशी आणली होती. हात रिकामे राहतील असं मला का वाटलं, देव जाणे.

सगळं छान आहे. पाजायची वेळ तेवढी नको वाटते.

६ मार्च

लिहूनच टाकते, कारण बोलायला लागले की रडू येतं. मुंगीने तोंड लावलं की माझी पायाची बोटं आपोआप वळतात. उजवीकडे बोंडाला भेग पडलीय. डावीकडे तर आज रक्त आलं. तिच्या ओठाला लाल दिसलं, तिचं तोंड उघडून बघितलं, मग कळलं की माझंच आहे. उशीचं टोक दातात धरून पाजते. ती रडायला लागली की मला आधी तिची दया यायला हवी. आधी येतो तो राग, आणि त्या रागाचीच मला जास्त लाज वाटते.

सगळे उपाय चालू आहेत. थंड पट्टी, गरम फडकं, पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब चोळून वाऱ्यावर सुकवणं. वाऱ्यावर म्हणजे पडदे ओढून पंख्याखाली उघडं बसायचं. सासूबाई फोनवर म्हणाल्या की आमच्या वेळी असली नाटकं नव्हती. आई म्हणाली की सगळ्यांनाच होतं गं, होईल सवय. आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं, ते माझ्या छातीवरून.

नवरा पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहतो. पेला रिकामा झाला की भरून आणतो. बिचाऱ्याला दुसरं काय करावं ते सुचत नाही.

८ मार्च

आज नर्सताई आल्या. दर आठवड्याला घरी येऊन बाळाचं वजन करतात. आवाज अगदी मैदानावर कवायत घेणाऱ्यांचा. त्यांनी मला बुटक्या खुर्चीत बसवलं आणि धडा सुरू केला. दुखतं ते दुधामुळे नाही, पकड चुकल्यामुळे. बाळाने नुसतं टोक धरलं की भेगा पडणारच. नाक बोंडासमोर आणायचं. हनुवटी आधी टेकू द्यायची. तोंड आ होईपर्यंत थांबायचं, घाई नाही. मग जवळ घ्यायचं. चुकलं तर करंगळी ओठांच्या कडेने आत घालून सोडवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

मुंगी ढ आहे. तोंड आ करते, आणि मी जवळ घेईपर्यंत मिटून टाकते. नर्सताईंनी तेच तेच इतक्यांदा म्हटलं की भिंतींनाही पाठ झालं असेल. जाताना म्हणाल्या की दुखणं सोसत बसू नकोस, दुखणं म्हणजे निरोप असतो, त्याचं ऐकायचं. आणि कोणत्या बाजूने पाजायची पाळी आहे ते विसरायला होतं म्हणून ब्राच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावायला सांगितली. पाजून झालं की पिन दुसऱ्या बाजूला. सगळ्या बाळंतिणी तसंच करतात म्हणे.

पिन लावली. दुखणं आहे तिथेच आहे.

१० मार्च

माझं ओरडणं खाली ऐकू गेलं असावं. सकाळी काकू एक चपटी डबी घेऊन वर आल्या. त्यांच्याकडचं घरगुती मलम आहे, राखाडी, वास जवळजवळ नाही. पाजायच्या आधी पुसायचं, पाजून झालं की पुन्हा लावायचं. कशाचं आहे विचारलं तर म्हणाल्या की लावून तर बघ.

लावलं. आणि मुंगी प्यायली तेव्हा मला काहीच कळलं नाही. काहीच! मी खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत बसले. कितीतरी दिवसांनी मी पाजता पाजता कशाकडे तरी बघितलं. नंतर खुर्चीतच झोप लागली. उठले तेव्हा काकूंचे पाय धरावेसे वाटले.

१३ मार्च

चांगले दिवस चाललेत. भेगा भरत आल्या. आता पाजताना मी टाचा घासते, नखं कापते, सासूबाईंशी बोलते. त्या म्हणाल्या, बघ, झाली की नाही सवय. मी हो म्हटलं. वाद घालण्याइतकंही काही वाटत नाही.

गंमत म्हणजे मलम लावून लावून बोटंही बधिर झालीत. मुंगीचं दुपटं बोटांत धरलं तर सुती की लोकरी ते सांगता येईना. ज्या बोटांचा मला पगार मिळतो ती बोटं! नवरा म्हणाला, आता तू आणि मी सारखेच, मलाही कधी कळत नाही.

छाती भरलेली आहे की रिकामी, हेही आता आतून कळत नाही. म्हणून सगळी भिस्त पिनेवर. पण पिन उजवीकडे असते, तिथे पाजायला घ्यावं तर ती बाजू मऊ, उतरलेली. म्हणजे आधीच पाजून झालेलं, आणि पिन हलवायची मीच विसरले. बाळंतीण झाले तेव्हा अक्कलही बाळाबरोबर बाहेर आली बहुतेक.

१५ मार्च

नर्सताईंनी मुंगीला काट्याच्या झोळीत घातलं. वजन वाढलेलं नाही. उलट थोडं उतरलंय. पीत नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पिते की, दिवसभर पाजतच असते मी. मग त्यांनी मला तपासलं आणि एकदम खूश झाल्या. भेगा नाहीत, गाठ नाही, दोन्ही बाजू नीट रिकाम्या झालेल्या. बोंडाभोवती तोंडाचा गोल ठसा होता, तो दाखवून म्हणाल्या की याला म्हणतात पकड, शिकलं की तुझं बाळ.

मग म्हणाल्या, आता माझ्यासमोर पाज. मुंगीने नेहमीप्रमाणे टोक धरलं, दोनदा चोखलं, सोडलं आणि कुरकुरत झोपली. नर्सताईंनी ठशाकडे बघितलं, मुंगीच्या इवल्याशा तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या की परवा पुन्हा येते, तोवर तिला उठवून उठवून पाज.

मलमाचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी डबी नेली असती.

१७ मार्च

आज सकाळी नर्सताई आल्या, वजन तेवढंच. बाटलीने देऊन बघू म्हणाल्या. मुंगीने बाटली थुंकून टाकली. तिचं रडणं बारीक झालंय. रडतानासुद्धा झोपते.

दुपारी खुर्चीत पाजत बसले होते. अंगावर पातळ चादर घेतली होती, डोळा लागला. जाग आली तेव्हा चादर छातीपाशी हलत होती. एका लयीत, थांबून थांबून, घोट घेतल्यासारखी. मला बरं वाटलं. पितेय एकदाची, असं मनात आलं. चादरीवरूनच पाठ थोपटली, पण बधिर बोटांना काही कळलं नाही.

आणि पलीकडच्या खोलीतून मुंगी रडली.

नवरा तिचा लंगोट बदलत होता. तू झोपलीस म्हणून मी तिला केव्हाच उचलून आणलं, असं तो म्हणाला. मी चादर काढली. मांडीवर कोणी नव्हतं. ब्लाउज ओला होता. मी झोपताना उजवीकडे असलेली पिन डावीकडे होती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की झोप झाली नाही तुझी. तेही खरंच आहे.

१८ मार्च

खाली गेले. डबी परत करायला जाते असं स्वतःला सांगितलं होतं. काकूंनी चहा टाकला आणि मी न विचारताच सांगायला लागल्या.

त्यांचं पहिलं बाळ, मुलगा, वरच्या मधल्या खोलीत वाढत होता. वाढत होता म्हणजे वाढला नाही. त्याला धरताच येईना. तोंड लावायचा, सुटायचा, रडायचा. शिकवणारं कोणी नव्हतं. सगळे म्हणायचे की भूक लागली की घेईल आपोआप. त्याने घेतलं नाही. खुर्चीतच, काकूंच्या मांडीवर, एका दुपारी थंड पडला. तो गेला आणि दूध मात्र येतच राहिलं. छातीचा दगड झाला. तेव्हा त्यांच्या सासूने हे मलम करून दिलं. दुधासाठी नव्हे, काही कळू नये म्हणून. काकू म्हणाल्या, एवढं छान मलम, छातीला लावायचं आणि मनही बधिर व्हायचं.

मग चहा गाळता गाळता त्यांनी अगदी सहज विचारलं की आता पोटभर पितो ना तो. म्हणाल्या, मला खाली ऐकू येतं, किती छान घोट घेतो. त्या नर्सबाईंचे उपकार, इतकं पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, शिकला बिचारा. तुझीला बाटली चालेल, त्याला कुठली चालायला.

मी कप धुऊन ठेवला आणि वर आले. मला भीती वाटायला हवी होती. भीती कुठे वाटते ते मला माहीत आहे, बेंबीच्या थोडं वर. तिथे हात ठेवून बघितला. काही नव्हतं.

डबी परत द्यायची राहिली.

१९ मार्च

डबी कचऱ्यात टाकली. आंघोळ केली, साबणाने घासून घासून. मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. पाजते ती स्वयंपाकघरात जमिनीवर, भिंतीला टेकून. बसल्या बसल्या झोपायचं नाही असं ठरवलंय.

नवऱ्याला म्हटलं, दुसरं घर बघ. तो हो म्हणाला. हो म्हणतो तेव्हा तो बघत नाही, पण या वेळी चेहऱ्यावरून वाटलं की बघेल.

मुंगी माझ्याकडे बघत नाही. डोळे उघडते आणि माझ्या खांद्यामागे बघत राहते.

२० मार्च

झोपले नाही.

मधल्या खोलीत कोणीतरी रडतंय. मुंगी माझ्या मांडीवर आहे. आवाज लहान आहे, भुकेचा आहे. नवऱ्याला ऐकू येत नाही. मला येतो, आणि आला की पान्हा फुटतो. मी थांबवू शकत नाही. कोणत्याच बाईला ते थांबवता येत नाही.

तो बिचारा— नाही. बिचारा लिहायचं नाही.

२१ मार्च

डाव्या बाजूला ठणका. गाठ आलीय, लाल, गरम. ताप.

दुखतंय! बोटांना दुपटं कळलं, सुती आहे, एका कडेला सूत सैल आहे. दुखतंय म्हणून मी रडले आणि आनंदाने रडले. छाती भरलीय, मला आतून कळतंय. आता हे सगळं मुंगीचं.

मुंगीला पाजायला घेतलं. खूप दुखलं. दुखू दे. दोनदा चोखून झोपली. गालावर थंड पाणी लावलं तरी उठेना.

मधल्या खोलीच्या दाराखालून ओल आलीय. पुसली. पांढरट होती.

२२ मार्च

नर्सताई आल्या आणि मुंगीला बघून काट्याला हातही लावला नाही. लगेच दवाखाना म्हणाल्या. मी निघाले तर उभी राहताच कोसळले, तापाने. तू पडून राहा, गाठीवर गरम फडकं ठेव, आम्ही नेतो, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने तिला दुपट्यात गुंडाळलं. तिचा हात बाहेर लोंबत होता, तो मी आत घातला.

ते गेल्यावर मी घराच्या दाराला आतून कडी घातली. काकू वर येतील म्हणून.

दुपार

नवऱ्याचा फोन आला. त्यांनी मुंगीला सलाईन दिलं, ती जागी झाली, जोरात रडतेय! बाटली अजून घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की आईला तापात इथे आणता येत नसेल तर तासाभरासाठी हिलाच तिच्याजवळ न्या, भुकेने उठलीय, आता लगेच भरपूर पाजलं तर ठीक, नाहीतर आजच भरती करायची. नवरा निघालाय. तयार राहा म्हणाला.

तयार आहे. दोन्ही बाजू दगडासारख्या. तिला पुरून उरेल इतकं आहे. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहितेय. नाक समोर, हनुवटी आधी, तोंड आ होईपर्यंत थांबायचं. या वेळी जमेल. ती भुकेली आहे, मी भरलेली आहे. जमेलच.

मधल्या खोलीचं दार वाजलं.

मी लावलं होतं.

ऊन इथपर्यंत येत नाही कधी. आता येतंय, म्हणजे दार उघडं—

बघणार नाही. लिहीत राहते. लिहीत राहिले की—

मांडीवर वजन आलं.

हलकं आहे. मुंगीपेक्षा हलकं. मी खाली बघत नाहीये.

थंड आहे. हनुवटी आधी टेकली. थांबला. घाई नाही केली, अगदी शिकवलं तसं—

दुखत नाहीये. मलम नाही, काही नाही, तरी दुखत नाहीये. गाठ उतरतेय. ठणका थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला न दुखवता—

हे मुंगीचं आहे. त्याला म्हटलं, हे मुंगीचं आहे. करंगळी घालून सोडवायचं. हात उचलला. बोटांना केस लागले. किती मऊ, असा पोत मी कधी—

बेल.

जिन्यात मुंगी रडतेय. मोठ्याने, पोटातून. माझीच आहे, हजारात ओळखेन तो आवाज.

नवरा हाक मारतोय. दार ठोकतोय. लवकर म्हणतोय, लवकर उघड—

हो. उठते. कडी काढायची, एवढंच तर—

डावी बाजू रिकामी झाली. तो उजवीकडे वळला.

उठतेच आहे. मुंगी, थांब हं बाळा, आले. एवढं याचं पिऊन होऊ दे, मग—